गोळी सहा महिन्यांची, ऊसतोडही सहा महिन्यांची



या अंकात गायरानाच्या केसेसची माहिती आतल्या पानांवर दिली आहे. संपादकीय मात्र आम्ही टीबीच्या एका गोळीवर लिहीत आहोत. जमिनीच्या पत्रकात दवाखान्याचं काय काम, असं काही कार्यकर्त्यांनी विचारलं. काम आहे. कसं ते आधी सांगतो.

आमचा एक पारधी साथी. नाव देत नाही, वस्तीचंही देत नाही. १९८८ पासून तीन एकर गायरान कसत होता. दगड वेचले, ताली घातल्या, ज्वारी काढली. अतिक्रमणाचा दंड भरल्याच्या पावत्या त्याने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या होत्या. गेल्या भादव्यात खोकला धरला. बेडका तपासला, टीबी निघाला. दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत खोकला थांबला, ताप गेला, भाकरी गोड लागायला लागली. मुकादमाची उचल आधीच घेतलेली होती. दिवाळी होताच जोडीने कोयता घेऊन टोळी गेली. बरोबर पंधरा दिवसांच्या गोळ्या होत्या. त्या संपल्यावर कारखान्याजवळच्या एका दवाखान्यात गेला, तर सांगितलं, "तुमच्या जिल्ह्यातून आणा." ऊस सोडून जिल्ह्याला यायचं कसं? गोळ्या बंद झाल्या. शिमग्याला तोंडातून रक्त पडलं. पट्टा पडल्यावर परत आला, तर शेतात दुसऱ्याची गुरं बांधलेली.

आता तो खाटेवर आहे. त्याची केस तहसिलात आहे. १४ एप्रिल १९९० च्या आधीचा कब्जा दाखवायचा, तर त्याच्या कब्ज्याचा सगळ्यात मोठा साक्षीदार तोच. माणूस गेला तर पुरावा अर्धा जातो. म्हणून टीबीची गोळी हा आमच्या चळवळीचा विषय आहे.

ही गोळी काय चीज आहे ते नीट समजून घेऊ. वस्तीवर हे वाचून दाखवताना घाई करू नका.

टीबीचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टराने १८८२ साली दाखवून दिला. त्यानंतर साठ वर्षं जंतू माहीत होता, पण त्याच्यावर औषध नव्हतं. हवापालट, दूध, अंडी आणि सॅनेटोरियमची खाट, एवढाच इलाज. तो पैसेवाल्यांचा इलाज होता. १९४३ साली अमेरिकेत अल्बर्ट शॅट्झ नावाच्या तरुण संशोधकाने, सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत, मातीतल्या एका सूक्ष्म जिवातून स्ट्रेप्टोमायसिन काढलं. हीच ती 'सुई', जी आपल्या म्हाताऱ्या माणसांना आठवते आणि जिच्यामुळे काहींचे कान गेले. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. तिथे पेनिसिलिन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिन तयार होऊ लागलं.

पण सुई एकटी दिली की सुरुवातीला माणूस सुधारायचा आणि काही महिन्यांनी पुन्हा खालावायचा. जंतू सुईला दाद देईनासा व्हायचा. १९५२ साली आयसोनियाझिडची गोळी आली. औषधं जोडून दिली तर जंतू निसटत नाही, हे तोवर कळलं होतं. तरी वर्ष-दीड वर्ष औषध घ्यावं लागायचं. पोटाच्या मागे फिरणाऱ्या माणसाला दीड वर्ष कुठून आणायचं?

मग आली ती लाल गोळी, रिफाम्पिसिन. हीसुद्धा मातीतूनच आली. १९५७ साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पाइनच्या झाडीतली मूठभर माती इटलीत मिलानच्या लेपेटिट कंपनीच्या प्रयोगशाळेत गेली. त्या मातीतल्या एका जिवाणूने जंतू मारणारा पदार्थ तयार केला होता. पिएरो सेन्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वेगळा काढला. पण तो पोटातून नीट रक्तात उतरत नव्हता, सुईनेच द्यावा लागे. त्या मोठ्या रेणूला एक छोटी शेपटी जोडून पाहण्यात त्यांनी काही वर्षं घालवली. १९६५ च्या सुमारास तोंडाने घेता येईल असं रूप मिळालं. तेच रिफाम्पिसिन. त्याची पूडच विटेसारखी लाल असते.

ही गोळी काय करते? जंतूला जगायला रोज नवी कामं करावी लागतात. कामाचा हुकूम त्याच्या मूळ दप्तरातून नकलून घ्यावा लागतो. जंतूच्या शरीरात ही नक्कल काढणारं एक यंत्र असतं. रिफाम्पिसिन त्या यंत्रात जाऊन अडकतं. दोन-तीन अक्षरं उतरली की नक्कल थांबते. हुकूम नाही, काम नाही, जंतू मरतो. माणसाच्या शरीरातलं असलं यंत्र वेगळ्या घडणीचं आहे, म्हणून आपलं काम चालू राहतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती सगळ्यात महत्त्वाची. टीबीचे सगळे जंतू एकदम जागे नसतात. काही निजलेले असतात. कोरड्या रानात पडलेलं बी जसं पावसाची वाट बघत राहतं, तसे. बाकीची औषधं बहुतेक जाग्या जंतूंना मारतात. निजलेला जंतू अधूनमधून थोडा वेळ जागा होतो. तेवढ्या वेळात त्याला गाठणारं औषध म्हणजे रिफाम्पिसिन. याच गुणामुळे दीड वर्षाचा इलाज सहा महिन्यांवर आला. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन.

यातून कळेल की दोन महिन्यांनी खोकला थांबतो तेव्हा काय झालेलं असतं. जागे जंतू मेलेले असतात. निजलेले तसेच असतात. पुढचे चार महिने त्यांच्यासाठी आहेत. तण वर-वर कापलं आणि काशी-हरळीच्या मुळ्या ठेवल्या, तर एका पावसात रान पुन्हा भरतं. हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता हिशोब बघा. फुफ्फुसाला पडलेल्या एका खड्ड्यात दहा कोटींच्या घरात जंतू असतात. आयसोनियाझिडला न जुमानणारा जंतू साधारण दहा लाखांत एक जन्मतो. रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक. म्हणजे एकटी गोळी दिली तर हट्टी जंतू आत असणारच. बाकीचे मरतील, तो वाढेल, आणि थोड्या दिवसांनी रान त्याच्या एकट्याचं. दोन्ही एकदम दिल्या तर दोघींना चुकवणारा जंतू एका कोटीला कोटीने गुणावं तेवढ्यात एखादा. तेवढे जंतू एका माणसाच्या अंगात नसतातच. म्हणून "आज लाल गोळी घेतो, पांढरी उद्या," असं चालत नाही. लाल गोळी महाग म्हणून ती बंद करून बाकीच्या लिहून देणारे आणि नुसतं सलाईन लावून पैसे घेणारे, दोघेही आपल्या माणसाच्या छातीत हट्टी जंतू पेरतात. तो जंतू मग त्याच्या बायकोला आणि लेकरांनाही लागतो.

लाल गोळी घेणाऱ्याने या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

लघवी लाल-भगवी होते. घाम आणि डोळ्यांतलं पाणीसुद्धा. ते रक्त नव्हे, गोळीचा रंग आहे. एका वस्तीवर याच भीतीने एका बाईने चौथ्या दिवशी गोळ्या फेकल्या. उलट रंग आला म्हणजे गोळी अंगात उतरली असं समजा.

गोळी सकाळी उपाशी पोटी घ्यायची आणि तासभराने खायचं. भरल्या पोटी ती नीट उतरत नाही. ओल लागू देऊ नका. कोपीत गळतं, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

डोळे पिवळे झाले, सारखी उलटी झाली, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. गोळी लिव्हरवर ताण टाकते. दारू तोच ताण दुप्पट करते. सहा महिने दारू नको.

बहिणींसाठी खास सांगणं. ही गोळी चालू असताना माला-डीवर भरवसा ठेवू नका. लाल गोळीमुळे लिव्हर ती लवकर संपवून टाकतं आणि दिवस राहू शकतात. नर्सबाईंशी बोलून दुसरा उपाय घ्या.

आणि सुईचा मोह सोडा. सुई टोचली म्हणजे मोठा इलाज झाला असं आपल्याकडे वाटतं. ही छोटी लाल गोळी त्या सुईपेक्षा जोरदार आहे.

एवढं सगळं शास्त्र तयार आहे. मद्रासला १९५६ साली सुरू झालेल्या संशोधन केंद्राने दाखवून दिलं की झोपडीत राहून नियमित औषध घेणारा गरीब रोगी सॅनेटोरियमच्या रोग्याइतकाच बरा होतो. चांगलं खाणं आणि आराम कमी असला, तरी औषध पुरं पडलं तर माणूस वाचतो. ही आपल्या देशातली तपासणी आहे आणि जगाने ती मान्य केली आहे. तरी आपली माणसं का मरतात?

कारण इलाज सहा महिन्यांचा आहे आणि ऊसतोडही सहा महिन्यांची आहे. भूम, परंडा, वाशी, कळंब या भागातून दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. टीबी निघाला तेव्हा माणूस एका गावात असतो आणि गोळी चुकते तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात. दवाखान्याचं रजिस्टर जागेवर बसून राहतं. कागदावर लिहिलं जातं, 'रोगी गैरहजर'. रोगी गैरहजर नसतो. तो उसाच्या फडात हजर असतो.

पारध्यांचं तर याहून अवघड. इंग्रजाने १८७१ साली गुन्हेगार जमातीचा कायदा केला. तो १९५२ साली रद्द झाला, तरी गावाच्या नजरेतून गेला नाही. चोरी कुठेही होवो, पहाटे पालावर गाडी येते. बाप्ये रानात पळतात. गोळ्यांची पिशवी पालातच राहते. चौकीत आठ दिवस बसवलेल्या माणसाला गोळी कोण देतं? असे आठ दिवस दोनदा झाले की झाला हट्टी जंतू तयार.

आणि आता जमिनीकडे या. आपल्या भागात मुख्य पीक रब्बीची ज्वारी. पेरणी हस्ताच्या पावसावर, काढणी शिमग्याच्या आधी. म्हणजे जमीन ताब्यात ठेवायची तर माणूस त्याच सहा महिन्यांत गावात पाहिजे. गोळी पुरी करायची तरी त्याच सहा महिन्यांत गावात पाहिजे. जो उसाला जातो त्याचं दोन्ही जातं. जो तीन एकरांवर नावानिशी उभा आहे, त्याला उचल घ्यावी लागत नाही, आणि तो सकाळी उपाशी पोटी गोळी घेऊन ज्वारी राखायला जाऊ शकतो. सात-बारा हा औषधाचा कागद नाही, हे आम्हाला कळतं. पण तो हातात असेल तर औषधाचा कागद पुरा होतो.

सरकारने २८ नोव्हेंबर १९९१ ला निर्णय काढला की भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायची. तो निर्णय आपल्या फायलींत आहे, रानात अजून उतरलेला नाही. १९९३ साली जागतिक आरोग्य संघटनेने टीबीला जगाची आणीबाणी म्हटलं. तेही आपल्या वस्तीपर्यंत उतरलेलं नाही. दोन्ही कागद खाली आणायचं काम आपलंच.

म्हणून आमच्या मागण्या: टीबीच्या रोग्याला असं कार्ड द्या की कोणत्याही जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात त्यावर पुढच्या गोळ्या मिळतील. साखर कारखान्यांनी तळावर थुंकी तपासणी आणि गोळ्यांची सोय करावी. ऊस आमच्या घामावर गाळता, तर खोकलाही तुमचाच. रेशनकार्ड नाही म्हणून गोळी नाकारू नका. चौकीत नेलेल्या माणसाची गोळी चुकवू नका. आणि ज्याच्या घरात टीबीचा इलाज चालू आहे, त्याच्या अतिक्रमणाची १-ई ला नोंद आणि पंचनामा आधी घ्या.

मागण्या सरकारकडे. आता आपल्याकडे. आमचीही चूक झाली. मोर्चाला माणसं गोळा करताना कुणाची गोळी चालू आहे हे आम्ही कधी विचारलं नाही. जो साथी आज खाटेवर आहे, तो मागच्या धरण्यात तीन रात्री आमच्याबरोबर कलेक्टर कचेरीसमोर गारठ्यात बसला होता. खोकत होता. आम्हाला वाटलं, विडीचा खोकला आहे.

तेव्हा यापुढे प्रत्येक वस्तीच्या बैठकीत जमिनीच्या कागदांबरोबर एक प्रश्न विचारायचा: दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला कुणाला आहे? त्याला बेडका तपासायला घेऊन जायचं. गोळी चालू असणाऱ्यामागे एक साथी नेमायचा. तो रोज सकाळी विचारेल, गोळी घेतली का. टोळी जाणारच असेल तर निघण्याआधी तीच माणसं दवाखान्यात जाऊन पुढच्या गोळ्यांसाठी भांडतील. आणि जो इलाजासाठी गावात मागे राहील, त्याच्या घरी वस्तीने पायली-दोन पायली ज्वारी द्यायची. त्याच्या रानात गुरं घालू द्यायची नाहीत.

आमच्या त्या साथीचा बेडका पुन्हा तपासायला गेला आहे. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. या वेळी जुना जंतू ऐकतो की नाही, ते पुढच्या महिन्यांत कळेल. हस्ताचा पाऊस पडला की त्याच्या तीन एकरांत वस्ती मिळून ज्वारी पेरणार आहे. पेरणीच्या दिवशी सगळ्यांनी यावं. येताना ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी सकाळची गोळी घेऊन यावं.