इसार एका घराचा, भरवसा चार घरांचा

अहिल्यानगरच्या कापड बाजारात, डाळमंडईत, आडते बाजारात खाली दुकान आणि वर घर ही पिढ्यांची रीत होती. पुढे कुटुंबे वाढली, वडीलधाऱ्यांना जिने जड वाटू लागले आणि पेठेतील घराणी सावेडीकडे, बुरूडगाव रस्त्याकडे, केडगावकडे वळली. काहींची मुले पुण्यात स्थिरावली आणि आईवडीलही तिकडे निघाले. या स्थलांतरात एक गोष्ट वारंवार घडते. घर घेणाऱ्याला आपले जुने घर विकून पैसा उभा करायचा असतो आणि घर विकणाऱ्यालाही त्याच पैशातून दुसरे घर घ्यायचे असते. अशा रीतीने एका खरेदीत दुसरी आणि दुसरीत तिसरी गुंतत जाते.

उदाहरणादाखल एक साखळी कल्पावी. डाळमंडईतील एक कुटुंब सावेडीतील बंगला ९० लाखांना ठरवते व १० लाख रुपये इसार देते. उरलेली रक्कम पेठेतील घर विकून यायची आहे. बंगल्याचे मालक पुण्याच्या बिबवेवाडीत सदनिका घेणार आहेत. हाती आलेला इसार ते त्याच आठवड्यात तिकडे इसार म्हणून देतात. त्या सदनिकेचे मालक एका नव्या इमारतीतील घराच्या ताब्याची वाट पाहत आहेत आणि आलेली रक्कम ते विकसकाच्या हप्त्यात भरतात. अशा प्रकारे तेच १० लाख तीन घरांना लागतात. मग नव्या इमारतीचा ताबा सहा महिने लांबतो. डाळमंडईच्या कुटुंबाने ती इमारत पाहिलेलीही नसते, परंतु पेठेतील घर रिकामे करून देण्याची तारीख मात्र उंबरठ्यावर येऊन ठेपलेली असते.

व्यापारी घराण्यांना साखळी नवी नाही. हुंडी अनेक हातांतून फिरत असे. मात्र ती नाकारली गेली, तर धारकाला ज्याच्याकडून हुंडी घेतली त्याच्याकडे वळता येई आणि तो आपल्या आधीच्याकडे वळे. जबाबदारीचा धागा मागे मागे जात असे. घरांच्या साखळीत असा धागा नसतो. प्रत्येक करार दोन पक्षांपुरता असतो. पुण्याचा सदनिकाधारक डाळमंडईच्या खरेदीदाराचे काहीच देणे लागत नाही आणि विकसकाने तर त्याचे नावही ऐकलेले नसते. हुंडीच्या सवयीने घराच्या साखळीवर विसंबणाऱ्याची फसगत येथेच होते.

इंग्लंडमध्ये अशी साखळी हा नित्याचा प्रकार आहे. तेथे करारांची देवाणघेवाण होईपर्यंत कोणीच कायद्याने बांधले जात नाही आणि साखळीतील सर्व करार सहसा एकाच दिवशी, वकिलांमार्फत पक्के केले जातात. आपल्याकडे रीत उलट आहे. येथे मुहूर्त पाहून आधी इसार दिला जातो. प्रत्येक कडी निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या कागदावर बांधली जाते आणि दुसऱ्या कडीचा उल्लेख बहुधा कोणत्याच कागदात नसतो.

इसार दिल्याने घर आपले झाले, ही समजूतही तपासून घ्यावी. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार विक्रीच्या कराराने मिळकतीत हक्क निर्माण होत नाही. तो नोंदणीकृत खरेदीखतानेच मिळतो. मात्र कलम ५५ ने खरेदीदाराला एक आधार दिला आहे. त्याने अकारण माघार घेतलेली नसेल, तर दिलेल्या रकमेपुरता त्याचा बोजा त्या मिळकतीवर राहतो. आधार खरा आहे, पण तो न्यायालयाच्या वाटेने मिळतो आणि ती वाट लांबची आहे. उलट, खरेदीदारच आपले जुने घर वेळेत विकू न शकल्याने अडला, तर इसार जप्त होण्याची भीती असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या सतीश बत्रा खटल्यात भेद स्पष्ट केला आहे: करारपूर्तीची हमी म्हणून दिलेला इसार खरेदीदाराच्या कसुरीमुळे जप्त होऊ शकतो, किमतीचा निव्वळ भाग म्हणून दिलेली आगाऊ रक्कम नव्हे. म्हणून दिलेले १० लाख कोणत्या नात्याने दिले, हे कागदावर शब्दांत लिहिलेले असावे.

साखळी असेल तर ती लपवू नये, साठेखतात लिहावी. विक्रेत्याला पुण्याच्या घराचा ताबा मिळण्यावर हा व्यवहार अवलंबून आहे, त्यासाठी अमुक तारीख ठरली आहे, आणि त्या तारखेपर्यंत ताबा न मिळाल्यास खरेदीदाराने मुदत वाढवावी किंवा इसार अमुक दिवसांत परत घ्यावा, अशी अट असावी. तारीख अत्यावश्यक आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार अनिश्चित घटनेवर अवलंबून असलेला करार ती घटना घडेपर्यंत अमलात आणता येत नाही. घटनेला मुदत घातलेली असेल आणि ती टळली, तर तो करार संपतो. मुदत नसलेली अट म्हणजे दोन्ही कुटुंबांना टांगून ठेवणारा दोर होय.

तारखा ठरवताना प्रत्येक कडीचा खरा वेग पाहावा. शेवटच्या टोकाला नवी इमारत असेल, तर प्रकल्पाच्या पूर्णतेची जाहीर केलेली तारीख महारेराच्या संकेतस्थळावर पाहता येते. घरावर कर्ज असेल, तर मूळ कागदपत्रे बँकेकडे असतात. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या निर्देशानुसार कर्जफेडीनंतर ३० दिवसांत ती परत द्यावी लागतात आणि बँकेमुळे विलंब झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. हे ३० दिवस हिशेबात धरलेले बरे.

पुष्कळदा कच्ची कडी दूर पुण्यात नसते, ती आपल्याच घरात असते. पेठेतील अनेक घरांच्या मिळकत पत्रिकेवर आजही आजोबांचे नाव असते. हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात त्यावर शिक्कामोर्तब केले. बीडला किंवा जालन्याला दिलेल्या बहिणीची सही खरेदीखताच्या आदल्या दिवशी मागणे, हा कायद्याचा प्रमाद आहे आणि नात्याचाही. तिला तिचा वाटा आधी सांगावा, विचार करण्यास अवधी द्यावा आणि मगच इसाराची बोलणी सुरू करावीत. घाईत मिळवलेली सही पुढे दाव्यात उभी राहते. सन्मानाने मिळालेली सही माहेर राखते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास १ जून २०१५ पासून कायद्याने मनाई आहे. तरीही कच्च्या चिठ्ठीवर रक्कम देण्याचा मोह काहींना होतो. साखळी तुटली की त्या चिठ्ठीचे मोल कळते. जी रक्कम कागदावर नाही, ती परत मागायला कागदही नसतो. बँकेतून दिलेला इसार हाच परत मिळण्याजोगा इसार.

एवढे करूनही साखळीचा धोका उरतोच. तो संपवण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे: साखळीतील कोणीतरी आधी विकावे आणि काही महिने भाड्याने राहावे. या मार्गाला दोन अडथळे सांगितले जातात. पहिला कराचा. विकल्याबरोबर घेतले नाही तर भांडवली नफ्यावर कर बसेल, अशी धास्ती असते. वस्तुतः दोन वर्षांहून अधिक काळ मालकीचे असलेले राहते घर विकल्यानंतर नवे घर घेण्यास दोन वर्षे आणि बांधण्यास तीन वर्षे मिळतात. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न वापरलेला नफा १९८८ च्या भांडवली नफा खाते योजनेत ठेवता येतो. खाली दुकान असलेल्या इमारतीत दुकानाच्या भागाचा हिशेब निराळा असतो. तो सनदी लेखापालाकडून आधीच करून घ्यावा.

दुसरा अडथळा लौकिकाचा. बाजारात पेढी असलेले कुटुंब भाड्याच्या घरात राहू लागले, तर लोक काय म्हणतील? येथे व्यापाऱ्याने व्यापाऱ्यासारखाच विचार करावा. महिना १५,००० रुपये भाडे धरले, तर सहा महिन्यांचे ९०,००० होतात, म्हणजे ९० लाखांच्या व्यवहाराचा शेकडा एक. तेवढ्या खर्चात साखळी दोन स्वतंत्र तुकड्यांत विभागते, विकणाऱ्याच्या हाती पूर्ण रक्कम येते आणि नव्या घराचा सौदा करताना तो अडलेला गरजू राहत नाही. मालाची ने-आण करताना विमा उतरवणाऱ्याला कोणी दुबळा म्हणत नाही. मग घराच्या व्यवहारातील हा विमा कमीपणाचा का मानावा?

बाजारात पत टिकते ती दिलेला शब्द पाळल्याने. साखळीत अडकलेला प्रामाणिक माणूसही शब्द मोडतो, कारण त्याने तो दुसऱ्याच्या भरवशावर दिलेला असतो. म्हणून आपले घर रिकामे करून देण्याची तारीख कोणाला देण्यापूर्वी आपल्या हाती काय आले आहे, ते पाहावे. जे अजून यायचे आहे, त्यावर दिलेल्या तारखेपुढे कागदात ‘जर’ लिहिलेले असावे. तो एक शब्द कुटुंबाला आणि त्याच्या पतीला पुढच्या अनेक अडचणींतून वाचवतो.