रस्ता सर्वांचा, गाडी कोणाची?



मोटारगाडीचा इतिहास लिहिणारे बहुधा श्रीमंतांच्या गाड्यांचा इतिहास लिहितात. कोणत्या संस्थानिकाच्या पागेत कोणती गाडी होती, तिची गादी मखमलीची होती की रेशमाची, याची वर्णने आपण पुष्कळ वाचतो. परंतु ज्या गाडीत शेतकरी आपल्या टोपलीसह बसला, जिच्यातून अडलेली बाळंतीण दवाखान्यात वेळेवर पोहोचली, आणि जिच्या मागच्या बाकावर बसून खेड्यातील मुलगा पहिल्यानेच शहरातील शाळेत गेला, त्या साध्या बसगाडीची कथा मात्र उपेक्षित राहिली आहे. त्या उपेक्षितेविषयी आज चार शब्द लिहावयाचे योजिले आहे.

जामसांवलीच्या वाचकांस तरी बसगाडीचे महत्त्व पटवून देण्याची गरज नाही. हनुमंताच्या दर्शनासाठी आपल्या हिंदू बांधवांची रीघ लागते, त्या दिवशी गाड्यांना तोटा नसतो. परंतु पावसाळ्यातील एखाद्या आडवारी, दिवस मावळताना, आजारी माणसाला घेऊन नागपूरहून परतावयाचे असले म्हणजे तीच सडक केवढी लांब वाटू लागते, हे ज्याचे त्याला ठाऊक. गाडी येणार की नाही, आली तर थांबणार की नाही, हे दोन प्रश्न आपल्या वडिलांनी विचारले, आजोबांनी विचारले, आणि आपणही विचारीत आहोत. म्हणून ही गाडी आली कोठून आणि ती चालविली कोणी, हे पाहणे उपयोगाचे आहे.

आरंभ मुंबईपासून करू. ९ मे १८७४ रोजी त्या शहरात घोड्यांची ट्राम सुरू झाली. १९०७ साली घोडे गेले व विजेची ट्राम आली. त्यानंतर १५ जुलै १९२६ रोजी मुंबईची पहिली बस कुलाब्याच्या अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धावली. हे अफगाण चर्च म्हणजे प्रेषित संत योहानाच्या नावे उभारलेले अँग्लिकन पंथाचे मंदिर होय. प्रार्थनामंदिराच्या दारातून लोकांची गाडी निघाली, हा योगायोग आपण ख्रिस्ती जनांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आरंभी अवघ्या २४ गाड्या होत्या. १९३७ साली दुमजली गाडी रस्त्यावर आली. हा सर्व कारभार एका खासगी कंपनीचा होता. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठच दिवस आधी, तो मुंबई महापालिकेकडे आला. कंपनी नफ्याचा हिशेब भागधारकांना देते, महापालिकेला मात्र नागरिकांना जाब द्यावा लागतो. पुढे ३१ मार्च १९६४ रोजी ट्राम थांबली, आणि डिझेलवर चालणाऱ्या जुन्या दुमजली बसने सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईकरांचा निरोप घेतला. आणिक आगारातील बेस्टच्या संग्रहालयात त्या युगाच्या खुणा जतन करून ठेवल्या आहेत. मुंबईस जाण्याचा योग आला तर मुलांना तेथे अवश्य न्यावे.

सरकारने स्वतः प्रवासी गाड्या चालवाव्यात, ही कल्पना मात्र मुंबईच्याही आधी निजामाच्या राज्यात रुजली. जून १९३२ मध्ये तेथील रेल्वे खात्याने २७ बसगाड्या व १६६ नोकर यांच्या बळावर ही सेवा आरंभिली. मराठवाडा त्या काळी त्याच राज्यात होता, हे येथे लक्षात घ्यावे.

आता खेड्यांकडे वळू. पहिल्या महायुद्धानंतर आपल्या मुलखात 'सर्व्हिस मोटारी' धावू लागल्या. लॉरीच्या सांगाड्यावर गावच्या सुताराने लाकडी खोका चढवावा, आत दोन्ही बाजूंस फळ्या ठोकाव्यात, टपावर सामान बांधावे, की झाली बस तयार! पुढे हँडल फिरवून यंत्र चालू करावयाचे. चढावावर पाणी उकळू लागले की गाडी थांबवून विहीर शोधावयाची. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई पडली, तेव्हा गाडीच्या पाठीशी भट्टी बांधून कोळशाच्या वायूवर या गाड्या चालविण्यात आल्या. मालक, ड्रायव्हर व मिस्त्री हा पुष्कळदा एकच माणूस असे. जेथे सरकारची दृष्टी पोहोचली नव्हती, तेथे या धाडसी माणसांनी वाट काढली, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परंतु नाण्याला दुसरी बाजूही होती. गाडी वेळेवर निघत नसे, ती भरली म्हणजे निघे. यात्रेच्या दिवशी भाडे चढे, पावसाळ्यात गाडी गायब होई. एकाच रस्त्यावर दोन मालक उतारू ओढण्यासाठी शर्यत लावीत व जीव मात्र उतारूंचा जाई. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवाने, मार्ग व उतारूंची संख्या यांवर नियंत्रण आणले. तरीही ज्या गावात उतारू थोडे, तेथे जाण्यास कोणताही कायदा मालकाला भाग पाडू शकला नाही.

हीच उणीव भरून काढण्यासाठी १ जून १९४८ रोजी तेव्हाच्या मुंबई राज्यात पुणे–अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी सुटली. ड्रायव्हर होते किसन राऊत आणि कंडक्टर लक्ष्मण केवटे. वाटेतील गावांनी त्या लाकडी गाडीचे कौतुकाने स्वागत केले, अशा आठवणी केवटे यांनी पुढे अनेकदा सांगितल्या. १९५० च्या कायद्याने अशा सेवांसाठी स्वतंत्र महामंडळे स्थापण्याची सोय झाली, आणि 'एष्टी' हा शब्द मराठी घरात दळण-कांडणाच्या शब्दांइतका ओळखीचा झाला.

आपली कथा येथून निराळी होते. जुन्या मध्यप्रांताची राजधानी नागपूर होती. सौंसरचा शेतकरी आपला कापूस व आपला कज्जा घेऊन नागपूरलाच जाई. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले. सौंसर व पांढुर्णा हे मराठी बोलणारे तालुके छिंदवाडा जिल्ह्यासह मध्यप्रदेशात राहिले. भाषा तीच, सोयरीक तीच, बाजार तोच. परंतु सडकेवर आडवी रेघ पडली. नागपूरची 'प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिस' १९६१ साली महाराष्ट्राच्या महामंडळात विलीन झाली. मध्यप्रदेशाने १९६२ साली आपले वेगळे महामंडळ उभारले. अडीच फुटी रुळांवरची नागपूर–छिंदवाडा आगगाडी सौंसरवरून संथपणे ये-जा करीत असे. तीही रुंद रुळांच्या कामासाठी २०१५ च्या अखेरीस थांबविण्यात आली, आणि रुंद मार्ग पुरा होईपर्यंत सारा भार पुन्हा सडकेवर पडला.

त्या सडकेवर तोवर काय घडले होते? मध्यप्रदेश सरकारने २००५ साली आपले महामंडळ बंद करण्याचा निर्णय घेतला, आणि पुढील काही वर्षांत त्याच्या उरल्यासुरल्या गाड्याही थांबल्या. तोटा झाला म्हणून असे घडले, हे खरे. परंतु असा तोटा का होतो, हे समजून घेण्यासारखे आहे. मोठ्या सडकेवरची भरलेली गाडी चार पैसे मिळविते आणि आडगावची अर्धी रिकामी गाडी ते खर्च करते. एका हाताने मिळवावे व दुसऱ्या हाताने वाटावे, अशी ही घरातल्यासारखी व्यवस्था असते. भरलेली सडक खासगी मालकांनी घेतली आणि रिकामी वाट तेवढी महामंडळाच्या गळ्यात उरली, म्हणजे कितीही कुशल कारभारी असो, तो बुडणारच. त्यात जुन्या गाड्या, कर्ज व ढिला कारभार यांची भर पडली की संपलेच.

रेघेपलीकडे पाहावे तर सावनेरला एस.टी.चे आगार आहे. महाराष्ट्रात ७५ वर्षांवरील वृद्धांना २०२२ पासून मोफत व स्त्रियांना मार्च २०२३ पासून निम्म्या भाड्यात प्रवास मिळतो. खेड्यातील शाळकरी मुलींना मोफत पास मिळतो. त्याच भाषेत बोलणाऱ्या आपल्या आजीबाईंना सरकारी गाडीची अशी सवलत आपल्या सडकेवर मिळत नाही. तथापि पलीकडे सारे आलबेल आहे, असेही कोणी समजू नये. ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत एस.टी.च्या कामगारांचा दीर्घ संप चालला. तुटपुंजा व लांबणारा पगार ही त्यांची व्यथा खरी होती, आणि गाडीवाचून अडलेल्या खेड्यांची व्यथाही तितकीच खरी होती. गाडी सार्वजनिक झाली म्हणजे चालविणाऱ्याच्या घरची चूल आपोआप पेटते, असे नव्हे.

या बाबतीत आपल्या पवित्र सभेने काय शिकविले आहे? पोप तेविसावे योहान यांनी १९६१ साली 'मातेर एत माजिस्त्रा' हे विश्वपत्र प्रसिद्ध केले. शेतकरी आपले गाव का सोडतो, याचा विचार करताना खेड्यांना पुरवावयाच्या आवश्यक सेवांच्या यादीत त्यांनी रस्ते व वाहतूक यांना पिण्याचे पाणी, घरे आणि आरोग्य यांच्याच पंक्तीस बसविले आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात गर्दी, गैरसोय आणि क्वचितच येणारी गाडी यांमुळे सामान्य माणसाचा प्रवासात कसा अवमान होतो, हे स्पष्ट शब्दांत मांडले. म्हणजे बसगाडी हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. त्यात माणसाच्या प्रतिष्ठेचा व शेजारधर्माचा प्रश्न आहे.

२०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सौंसर तालुका त्यात आला. एप्रिल २०२५ मध्ये मध्यप्रदेश मंत्रिमंडळाने प्रवासी वाहतुकीची नवी व्यवस्था उभारण्यास मान्यता दिली. तीत गाड्या खासगी मालकांच्या व देखरेख सरकारी कंपनीची, अशी योजना आहे. अशा व्यवस्थेतही जुना धोका कायम आहे. मोठी सडक सर्वांनाच हवीशी वाटेल, आडगाव कोणालाही नको असेल. म्हणून आपल्या गावाला कोणत्या वेळी गाडी हवी, शाळा कधी भरते, दवाखान्याचा दिवस कोणता, शेवटची गाडी किती वाजता असावी, हे ग्रामसभेत ठरवून, सह्या करून, जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावे. हे काम एकट्या ख्रिस्ती कुटुंबांचे नव्हे, साऱ्या गावाचे आहे. परंतु लेखणी हाती घेण्यास आपण पुढे व्हावे. मुक्याची गरज कोणी मोजत नाही.

घरच्या घरी करण्याजोग्याही काही गोष्टी आहेत. आपल्या नात्यागोत्यात, शेजारात एखादा जुना ड्रायव्हर वा कंडक्टर असेल. त्याच्यापाशी बसून मुलांनी त्याची हकीकत वहीत उतरून घ्यावी: कोणत्या गाड्या होत्या, कोणत्या नाल्याला पूर आला म्हणजे गाडी अडे, तिकिटाला चिमटा कसा लावीत, घंटीची दोरी एकदा ओढली तर थांबावयाचे व दोनदा ओढली तर निघावयाचे, इत्यादी. जुने तिकीट, बिल्ला, पास सापडला तर तो रद्दीत देऊ नये. आपल्या रस्त्याचा इतिहास दुसरा कोणी लिहिणार नाही. आणि गाडीत बसल्यावर म्हाताऱ्याला जागा द्यावी, भाडे चुकवू नये, ड्रायव्हरशी उर्मटपणे बोलू नये. ज्याच्या हाती चाळीस-पन्नास जीव आहेत, त्याचे मन शांत ठेवणे हे उतारूचेही कर्तव्य आहे.

२५ जुलै हा संत क्रिस्तोफर यांचा स्मरणदिन. परंपरा सांगते की, हा धिप्पाड मनुष्य नदीच्या काठी राही आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना खांद्यावर घेऊन पार करी. एके रात्री त्याने एका लहानग्यास उचलले. मध्यधारेत ते ओझे असह्य झाले, आणि तीर गाठल्यावर त्यास कळले की, आपण साक्षात ख्रिस्ताला वाहून आणले. त्याने उतारूंची निवड केली असती, हा हलका व तो जड असे पाहिले असते, तर ते भाग्य त्यास लाभले नसते. रिकाम्या आडवाटेवर एकट्या म्हातारीसाठी थांबणारा ड्रायव्हर त्याच संताचा वारस होय. त्या दिवशीच्या मिस्सेत आपल्या सडकेवरील सर्व ड्रायव्हर-कंडक्टरांसाठी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, प्रत्येक कुटुंबाने एक प्रार्थना अर्पावी. आणि त्याच आठवड्यात ग्रामसभेचा तो अर्जही लिहून पुरा करावा.