शिव्या खाऊन मन कणखर होत नाही

अमरावती-अकोल्यातल्या कोणत्याही मैदानावर पहाटे पाचला जा. भरतीची पोट्टे धावताना दिसतील. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारले की ६० गुण, दहा पुलअप्सचे ४०. आकडे तोंडपाठ. मन मात्र कोणाच्याच टाइमटेबलात नाही. त्यावर बऱ्याच ठिकाणी एकच औषध, शिव्या आणि चारचौघांत अपमान. "सैन्यात जायचं ना लेका, मग सहन कर!"

हे साफ चूक आहे. थंडी, भूक, जागरण, पाठीवरचं ओझं यांचा सराव हवाच. पण कष्ट वेगळे आणि अपमान वेगळा. अपमानातून पोरगा एकच गोष्ट शिकतो, लपवणं. दुखणं लपवतो, झोप उडाली तेही लपवतो. उद्या त्याच्याच हातात भरलेली रायफल असते.

रायफल खोलणं-जोडणं पुन्हा पुन्हा करून घेतात, तेव्हा कुठं अंधारात हात चालतो. मनाचंही तसंच. भीती वाटली तर श्वास कसा सांभाळायचा, जोडीदार अचानक गप्प झाला तर कोणाला सांगायचं, हे शिकवावं लागतं.

"मर्दाला हे लाड कशाला?" म्हणणाऱ्यांनो, खुद्द लष्कर बदललं. भरतीत अ‍ॅडाप्टॅबिलिटी टेस्ट आली. पुण्याच्या एएफएमसीत डिसेंबर २०२३ पासून जवानांसाठी टेलिमानसचा खास कक्ष आहे. मग आपल्या अकादम्या काऊन मागं?

ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या बुलढाण्याच्या पिंपळगाव सराईचा अग्निवीर सियाचीनवर गेला. भरपाईवर आपण भांडलो, भांडायलाच पाहिजे होतं. पण जे जिवंत आहेत, त्यांच्या मनासाठी कोण भांडणार?

अग्निवीरांची पहिली तुकडी जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला लागली. चार वर्षांनी शंभरातले जास्तीत जास्त २५ कायम होणार. बाकीचे ७५ सेवानिधीचे सुमारे पावणेबारा लाख घेऊन गावी येतील. "तुला काऊन नाही ठेवलं बे?" हा प्रश्न पारावर तयारच असेल. ते ओझं पेलायला कोणी शिकवलं त्यांना?

मागणी साधी आहे. फी घेणाऱ्या प्रत्येक अकादमीनं महिन्यातून एकदा तरी समुपदेशक बोलवावा. परतणाऱ्या पोरांशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयानं स्वतःहून संपर्क ठेवावा. मायबापहो, फी भरताना हे विचारा.

१९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ चालवणाऱ्या अमरावतीला शरीर घडवणं कोणी शिकवू नये. आता मनाचंही बघा. सुरुवात म्हणून टेलिमानसचा १४४१६ हा फुकटचा नंबर मैदानाच्या भिंतीवर रंगवा. एका डब्बा रंगाचा खर्च आहे.