दाताचे दुखणे आणि दाराचे अंतर

मुखाच्या स्वच्छतेचा विषय भगवान बुद्धांनी क्षुल्लक मानला नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्खूंना दातवणाची अनुज्ञा देताना ते न करण्याचे पाच तोटे व करण्याचे पाच लाभ सांगितलेले आहेत. दातवण प्रत्येकाच्या हाती आहे. किडलेल्या दातावरचा उपचार मात्र तसा नाही. तो कोणास मिळावा हे फार ठिकाणी वंश, जात आणि पैसा ठरवतात. अमेरिकेच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होते.

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना दास्यमुक्त करण्यासाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. तेथील गुलामगिरी कायद्याने संपली, पण तिची छाया दवाखान्याच्या दारावर राहिली. एकेकाळी गुलाम असलेल्या माता-पित्यांचे पुत्र रॉबर्ट टॅनर फ्रीमन यांनी १८६९ मध्ये हार्वर्डमधून दंतवैद्यकाची पदवी मिळवली. असे ते पहिलेच आफ्रिकन-अमेरिकन. तरीही पुढे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक स्थानिक दंतवैद्यक संघटनांनी कृष्णवर्णीयांना सभासदत्व नाकारले. त्याविरुद्ध आपण ठामपणे उभे राहिलो नाही, याबद्दल अमेरिकन डेंटल असोसिएशनने क्षमा मागितली ती २०१० साली. आजही लोकसंख्येत १३ टक्क्यांच्या आसपास असलेल्या या समाजाचा दंतवैद्यांमधील वाटा ४ टक्क्यांच्या जवळपासच आहे.

याचे मोल कोण चुकवतो? २००७ साली मेरीलँड राज्यात बारा वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा दाताच्या संसर्गाने दगावला. संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचला होता. कुटुंब गरीब, सरकारी विमा खंडित झालेला, आणि तो विमा स्वीकारणारे दंतवैद्य मिळणेही दुरापास्त. दात काढण्यास सुमारे ८० डॉलर लागले असते. मेंदूवरील शस्त्रक्रिया व रुग्णालयाचा खर्च अडीच लाख डॉलरच्या घरात गेला.

‘गरिबांची मुले दात घासत नाहीत’ असे म्हणणारे पुष्कळ आहेत. सवयीमुळे कीड लागते, हे आम्ही नाकारत नाही. परंतु किडलेला दात जीव घेतो तो उपचाराअभावी. आणि त्या अभावाचा दोष मुलाच्या माथी मारणे हा दुसरा अन्याय होय.

वाट निघू शकते, हे अलास्कातील आदिवासींनी दाखवले. त्यांच्या दुर्गम वस्त्यांत दंतवैद्य टिकत नसत. म्हणून त्यांनी आपलेच तरुण न्यूझीलंडला प्रशिक्षणासाठी पाठवले. ते परतून दात भरणे, काढणे अशी कामे आपल्या गावांत करू लागले. दंतवैद्यांच्या संघटनांनी न्यायालयात विरोध केला. तो टिकला नाही.

आपल्याकडे वंशाच्या जागी जात आणि वस्ती आहे. दंतवैद्य शहरांत एकवटले आहेत. मुलाचा दात दाखवायला तालुक्याला जावे तर आईची दिवसाची मजुरी बुडते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांच्या तपासणीत दंतक्षयाचाही समावेश आहे. पण तपासणीची चिठ्ठी म्हणजे उपचार नव्हे. ती दप्तरात राहते, आणि दुखरा गाल हाताने धरून मूल वर्गात बसते.

म्हणून आमचे मत असे की, निवासी शाळेने ही चिठ्ठी पालकांकडे सोपवून मोकळे होऊ नये. मूल वर्षातले बहुतेक दिवस आपल्या छताखाली असते. त्याला दंतवैद्याकडे नेणे, उपचार पूर्ण होईपर्यंत त्याची नोंद ठेवणे आणि त्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करणे हे वसतिगृहाचे कर्तव्य आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे दंतवैद्यक शिकतील, त्यांनी वर्षातले काही दिवस या मुलांना द्यावेत. आजारी भिक्खू एकटा पडलेला पाहून तथागतांनी स्वतःच्या हातांनी त्याला धुतले, उचलून मंचकावर निजवले आणि मग संघाला त्याच्या कर्तव्याची जाणीव दिली. रात्री दाढदुखीने जागे असलेले मूल आपल्या वसतिगृहात असेल, तर ती जाणीव आपल्यालाही आहे असे समजावे.