येताना वाजतगाजत, जाताना चोरपावलांनी

मेनी-टू-मेनी नातं आलं की मध्ये एक जॉइन टेबल टाकायचं, हे आपल्याला पाठ आहे. विषय संपला! पण तेच नातं तोडताना काय होतं, यावर कुणी फारसं बोलत नाही.

रूबी ऑन रेल्सचंच घ्या. समजा, स्टुडंट आणि क्लब अशी दोन मॉडेल्स केली, मध्ये मेंबरशिप. फॉर्मवर क्लबपुढे टिक केली की मेंबरशिपचे क्रिएट कॉलबॅक चालतात, डिपॉझिटची नोंद होते. टिक काढली की? डेटाबेसला थेट डिलीट जातं. ओळ गायब, आणि आफ्टर-डिस्ट्रॉयमध्ये लिहिलेला डिपॉझिट परतीचा कोड चालतच नाही. एररसुद्धा येत नाही! मुलगा पैसे मागायला ऑफिसात जाणार आणि क्लार्क म्हणणार, "कॉम्प्युटरवर तुझं नावच नाही."

यात वेग आहे, हे खरं. शंभर ओळी एका क्वेरीत उडतात. हॅज-मेनी-थ्रूला डिपेंडंट डिस्ट्रॉय दिलं तर कॉलबॅक चालतात, पण प्रत्येक ओळीची वेगळी क्वेरी. तरी माझ्या मते डीफॉल्ट हेच हवं होतं. ज्याला घाई असेल त्याने मुद्दाम मागून घ्यावी. (आपल्या हॉस्टेलला कसली आलीय घाई?)

हॅज-अँड-बिलाँग्ज-टू-मेनी वापरणाऱ्यांना तीही सोय नाही, कारण मधल्या टेबलासाठी आपण मॉडेलच लिहीत नाही. त्यांनी बिफोर-रिमूव्ह, आफ्टर-रिमूव्हवर भागवावं. बिफोर-रिमूव्हमध्ये एक्सेप्शन टाकलं तर काढणंच थांबतं. हिशेब बाकी असेल तर हे फार कामाचं.