शस्त्र ठेविलें, पण खुर्ची सोडवेल काय?

परवां रात्रीं पंक्तीस बसलों असतां आमच्या घरीं एक वाद निघाला. ज्यानें सरकाराविरुद्ध हत्यार उचललें, ज्याच्या माणसांनीं शिपायांचे प्राण घेतले, त्यालाच पुढें मुख्यमंत्र्याच्या खुर्चीवर बसविणें न्याय्य आहे काय? थोरला पुतण्या तावातावानें म्हणाला, "काका, हें तर बंडाला बक्षीसच झालें!" धाकट्या सूनबाईंनीं वाढतां वाढतां विचारलें, "पण मामंजी, नाहीं तर तें बंड आणखी किती वर्षें चालूं द्यायचें होतें?" दोन्ही प्रश्न आम्हांस खरे वाटले. म्हणून ज्यांच्यावरून हा वाद निघाला, त्या मिझोरामच्या लालडेंगांची हकीकत या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

या बंडाचा उगम उंदरांत आहे, असें म्हटलें तर कोणास थट्टा वाटेल. परंतु ती थट्टा नव्हे. मिझो डोंगरांतील एका जातीच्या बांबूस सुमारें ४८ वर्षांनीं एकदम बहर येतो. त्याचें बीं खाऊन उंदीर बेसुमार माजतात, आणि बीं संपलें कीं शेतांतल्या भातावर व घरांतल्या कणग्यांवर तुटून पडतात. या दुष्काळास तेथील लोक 'मौताम' म्हणतात. १९५९ सालीं असा मौताम आला. तेव्हां हा मुलूख आसामचा एक जिल्हा होता. जाणत्या लोकांनीं आगाऊ इशारा दिला होता. पण बांबू फुलला म्हणून माणसें उपाशीं मरतील, हें सरकारी कचेऱ्यांस खरें वाटलें नाहीं. लोकांस धान्य पोंचविण्याकरितां १९६० सालीं 'मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट' ही संस्था निघाली. पूर्वीं लष्करांत हवालदार असलेले व पुढें कारकुनी केलेले लालडेंगा हे तिचे पुढारी. ऑक्टोबर १९६१ मध्यें संस्थेच्या नांवांतून दुष्काळवाचक 'फॅमिन' शब्द गळला, 'मिझो नॅशनल फ्रंट' हा पक्ष झाला, आणि स्वतंत्र मिझोराम हें त्याचें ध्येय ठरलें. भुकेच्या वेळीं ज्याचा हात पोंचला, त्याच्या मागें लोक गेले. यांत नवल तें काय?

१९६६ सालच्या फेब्रुवारीच्या अखेरच्या रात्रीं बंडवाल्यांनीं ठिकठिकाणच्या सरकारी ठाण्यांवर हल्ले केले, आणि १ मार्च रोजीं स्वातंत्र्य जाहीर केलें. त्याच आठवड्यांत हिंदी वायुदलाच्या विमानांनीं खुद्द ऐझॉल शहरावर मारा केला. आपल्याच देशांतील वस्तीवर आपल्याच विमानांनीं मारा करावा, ही गोष्ट मिझो माणूस आजहि विसरलेला नाहीं. १९६७ पासून खेडींच्या खेडीं उठवून सडकेच्या कडेस लष्कराच्या नजरेखालीं वसविण्यांत आलीं. शेत एकीकडे आणि घर दुसरीकडे, अशी लोकांची दशा झाली. दुसऱ्या बाजूचेंहि पारडें हलकें नाहीं. १९७५ च्या जानेवारींत बंडवाल्यांनीं ऐझॉलच्या पोलीस कचेरींत शिरून तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांस ठार मारिलें. लालडेंगा स्वतः आधीं पूर्व पाकिस्तानांत व १९७१ नंतर पश्चिम पाकिस्तानांत आश्रयास होते. अशीं २० वर्षें गेलीं.

अखेर ३० जून १९८६ रोजीं दिल्लींत करार झाला. हिंदुस्थान सरकारतर्फें त्यावर सही करणारे गृहसचिव राम प्रधान हे आपल्या महाराष्ट्राचे. तो दिवस त्यांच्या नोकरीचा अखेरचा दिवस होता. बंडवाल्यांनीं शस्त्रें ठेवावींत आणि फुटून निघण्याची भाषा सोडावी. सरकारनें मिझोरामास पूर्ण राज्याचा दर्जा द्यावा आणि तेथील धर्म, रूढि, परंपरागत न्याय व जमीन यांस घटनेचें संरक्षण द्यावें. असा त्याचा मथितार्थ. परंतु या प्रसंगीं आम्हांस एका तिसऱ्याच गृहस्थाची आठवण होते. निवडून आलेले मुख्यमंत्री लाल थनहवला यांनीं करार पार पडावा म्हणून आपली जागा खालीं केली आणि स्वतः उपमुख्यमंत्रिपद पत्करलें. २१ ऑगस्ट १९८६ रोजीं लालडेंगा मुख्यमंत्री झाले. पुढल्या फेब्रुवारींत मिझोराम राज्य झालें, आणि निवडणुकींत ४० पैकीं २४ जागा मिळवून लालडेंगांनीं ती खुर्ची मतांनींहि मिळविली.

येथवरची कथा वर्तमानपत्रें हौसेनें सांगतात. आमच्या मतें खरी कसोटी येथून पुढें आहे. हत्यारें खालीं ठेवण्याच्या दिवशीं समोर सत्ता दिसत असते. तेव्हां शांतीचें व्रत घेणें फारसें कठीण नाहीं. सत्ता हातची जाईल त्या दिवशीं तें व्रत टिकतें कीं नाहीं, हा प्रश्न आहे. सेनानायकाची आज्ञा पाळली जाते. मुख्यमंत्र्याचीं मतें मोजलीं जातात. एका संवयीवरून दुसरीवर येणें सोपें नव्हे. लालडेंगांवर ती वेळ लौकरच आली. १९८८ सालीं त्यांच्याच पक्षांतले कांहीं आमदार फुटले, सरकार कोसळलें, राष्ट्रपति राजवट आली, आणि १९८९ च्या निवडणुकींत ते हरले. जंगलाच्या वाटा त्यांस पाठ होत्या, जुने सोबती जिवंत होते. पण ते जंगलांत परतले नाहींत. विरोधी पक्षांत बसले. ७ जुलै १९९० रोजीं ते वारले.

त्यांच्या मागून भूमिगत काळांतले त्यांचे सहकारी झोरामथांगा यांनीं पक्ष चालविला. १९९८ व २००३ सालीं ते मुख्यमंत्री झाले. आणि दैवाची गति अशी कीं त्यांच्याच कारकीर्दींत, २००७ च्या सुमारास, पुन्हां बांबू फुलला! या खेपेस सरकारनें आधींपासून तजवीज केली होती. उंदराच्या शेपटीमागें इनाम लाविलें, आलें-हळदीसारखीं पिकें घ्या म्हणून शेतकऱ्यांस सांगितलें. तरी पीक बुडालेंच. ज्या पक्षाचा जन्म दुष्काळाच्या हेळसांडींतून झाला, त्यालाच आतां लोक दुष्काळाचा जाब विचारूं लागले. २००८ च्या निवडणुकींत त्याच्या अवघ्या ३ जागा आल्या. झोरामथांगा पायउतार झाले. २०१८ सालीं २६ जागा घेऊन ते परत आले, आणि २०२३ सालीं १० जागांवर येऊन पुन्हां घरीं बसले. तेव्हां तर त्यांची स्वतःची जागाहि गेली. पण कोठें गोळी सुटली नाहीं.

महाभारताच्या अठरा पर्वांत सर्वांत मोठें शांतिपर्व आहे. युद्धाचें एकहि पर्व त्याच्या बरोबरीस येत नाहीं. युद्धानंतर राज्य चालविणें हें युद्धाहून अवघड आहे, हें जणूं व्यासांनीं ग्रंथाच्या आकारानेंच सांगून ठेविलें आहे.

पुतण्याचें म्हणणें सर्वस्वी खोटें नाहीं. करारानें मेलेलीं माणसें परत येत नाहींत. त्या तीन अधिकाऱ्यांच्या घरांत आणि सडकेकडेला नेऊन वसविलेल्या कुटुंबांत जें गेलें, त्याची भरपाई कोणत्याहि खुर्चीनें होणार नाहीं. परंतु आम्ही त्याला इतकेंच सांगितलें कीं, बाबा, तो माणूस खुर्चीवर कसा चढला हें पाहिलेंस, आतां उतरला कसा हेंहि पाहा. तो कांहीं बोलला नाहीं. सूनबाईंनीं त्याच्या पानांत आणखी भात वाढला, आणि वाद त्या रात्रीपुरता मिटला.