वडिलांचा व्यवसाय

आमच्या ज्येष्ठ कन्येस पहिल्या इयत्तेंत घालतांना एक छापील अर्ज आमच्या हातीं आला. नांव, जन्मतारीख, पत्ता हे रकाने भरून झाले आणि 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यापाशीं आमची लेखणी अडली. शेजारीं उभ्या असलेल्या कन्येनें आमची अडचण तात्काळ दूर केली. ती म्हणाली, "बाबा, लिहा ना, कांहीं नाहीं. तुम्ही तर घरींच असतां!" समोरचे कारकून हंसले, आम्हीही हंसलों, परंतु घरीं परततांना तें उत्तर मनांत सलत राहिलें.

आमची हकीकत थोडक्यांत अशी. आमची पत्नी एका रुग्णालयांत परिचारिका आहे. तिला कधीं दिवसपाळी, तर कधीं रात्रपाळी असते. आम्ही एका पेढींत हिशेबनीस होतों. दुसरी कन्या झाली तेव्हां तिला सांभाळावयास घरांत वडीलधारें माणूस नव्हतें. दोघांपैकीं एकानें नोकरी सोडणें प्राप्त झालें. पत्नीचा पगार आमच्याहून अधिक होता, आणि रुग्णसेवेची तिची आवडही मोठी. कागदावर बेरीज-वजाबाकी मांडली, व हिशेबनिसानेंच घरीं रहावें असें ठरलें. यांत त्याग म्हणावा असें कांहीं नव्हतें. तो एक सरळ हिशेब होता.

मात्र घर चालविणें म्हणजे काय, हें आम्हांस त्यानंतर कळलें. पहाटे नळाला पाणी येतें तें भरून ठेवावें, डबा करावा, दोघींच्या वेण्या घालाव्या. भांग वांकडा पडला तर थोरली आरशापुढून हलत नाहीं. धाकटीस मऊ भात भरवितांना दर घासास एक नवी गोष्ट लागते. ताप आला कीं रात्रभर कपाळावर पाण्याच्या पट्ट्या बदलाव्या लागतात, आणि सकाळीं भांडीं व कपडे आपली वाट पाहत बसलेलेच असतात. पेढींतील खातें वर्षअखेरीस तरी मिटत असे. घरचें खातें रोज रात्रीं मिटतें आणि रोज पहाटे पुनः उघडतें.

लोकांनीं आमच्या या वर्तनाचे दोन अर्थ केले. भाजीवाल्या मावशींनीं पहिल्याच आठवड्यांत विचारलें, "दादा, वहिनी आजारी आहेत कां?" कांहीं आप्तांनीं बायकोच्या जिवावर बसून खाणारा असें नांव ठेवलें. उलट कित्येकांनीं 'धन्य तुमची!' म्हणून पाठ थोपटली. ही स्तुति आम्हांस गोड वाटली, हें कबूल केलें पाहिजे. परंतु आमच्याच आळींत एक भगिनी हींच सारीं कामें करून शिवाय अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची सेवा करीत असते. तिला कोणीं धन्य म्हटल्याचें आम्हीं आजवर ऐकलेलें नाहीं. एकाच कामासाठीं पुरुषाच्या गळ्यांत हार पडावा आणि स्त्रीच्या वांट्यास मौन यावें, हें माप खोटें आहे.

आणि या खोट्या मापानें आम्हीं स्वतःही मोजलें आहे. आम्ही विद्यार्थी असतांना अशाच एका कागदावर आईच्या व्यवसायापुढें आडवी रेघ ओढली होती. ती माउली पहाटे चार वाजतां उठे आणि सर्वांच्या मागून जेवी. तिनें ती रेघ पाहिली, पण ती कांहीं बोलली नाहीं. आमच्या कन्येनें त्या दिवशीं आम्हांस जें उत्तर दिलें, तेंच आम्हीं वर्षांपूर्वीं आमच्या आईस दिलें होतें.

ही चूक एकाच घराची नव्हे. आपल्या देशाच्या जनगणनेंत घरकाम करणाऱ्यांची गणना काम न करणाऱ्यांत होत आली आहे. २०११ सालच्या जनगणनेंत घरकाम हेंच आपलें मुख्य काम असें सुमारें १६ कोटी स्त्रियांनीं सांगितलें, आणि सुमारें ५८ लक्ष पुरुषांनींही. हे आंकडे सर्वोच्च न्यायालयानें २०२१ च्या जानेवारींत एका निकालांत उद्धृत केले. दिल्लींत २०१४ सालीं झालेल्या अपघातांत आईबाप दोघेही गमावलेल्या दोन चिमुकल्या मुलींच्या नुकसानभरपाईचा तो खटला होता. गृहिणीच्या श्रमांस पैशांत मोल आहे व तें धरलें पाहिजे, असें न्यायालयानें स्पष्ट सांगितलें. आई गेल्यावर जिचें मोल न्यायालयांत ठरतें, तिचें मोल ती हयात असतांना घरांत कां ठरूं नये?

कोणी म्हणेल, आईची माया बापास कशी येणार? आईची जागा आम्हीं घेतली असा आमचा दावा नाहीं. रात्रपाळी संपवून ती दारांत आली, कीं दोघीही आमच्या मांडीवरून उठून तिच्याकडे धांवतात, आणि तें योग्यच आहे. परंतु वेणी घालणें, भात मऊ शिजविणें, रडणाऱ्या लेकरास निजविणें हीं संवयीनें येणारीं कामें आहेत. केंद्र सरकारच्या नोकरींत अपत्यजन्मानिमित्त मातेस १८० दिवसांची रजा मिळते आणि पित्यास १५ दिवसांची. मातेच्या देहास अधिक विश्रांति हवीच; पण पंधरा दिवसांत बाळाचें दुपटें बदलण्याचा हातही धड बसत नाहीं. सर्वच पित्यांनीं नोकऱ्या सोडाव्या असेंही आम्ही म्हणत नाहीं. एका पगारांत भागवितांना ओढाताण होते, आणि पुनः नोकरी शोधूं लागूं तेव्हां मधल्या वर्षांचा जाब आम्हांस विचारला जाईल, हेंही आम्ही जाणून आहों.

तरीही या वर्षांत जें मिळालें तें थोडें नव्हे. परवां दोघी भातुकली खेळत होत्या. त्यांचा बाहुला पोळ्या लाटीत होता, आणि बाहुली पिशवी घेऊन कामावर निघाली होती. कोणीं त्यांस तसें शिकविलें नव्हतें. पाहिलें तेंच त्या खेळल्या. उद्यां या मुली संसारास लागतील तेव्हां घरकाम हें एकट्या स्त्रीचें प्राक्तन आहे, असें त्यांस वाटणार नाहीं, एवढी आशा आम्ही बाळगतों.

विद्यार्थिमित्रांनो, आज घरीं गेल्यावर आपलें ताट आपणच घांसा. बहिणीस सांगूं नका. आणि पालकहो, मुलांच्या देखत 'ती घरींच असते' हें वाक्य उच्चारण्यापूर्वीं क्षणभर थांबा.

त्या अर्जाचें पुढें काय झालें, हें सांगून हा लेख पुरा करतों. आईच्या रकान्यांत आम्हीं 'परिचारिका' असें लिहिलें, आणि आमच्या रकान्यांत 'घरकाम व मुलींचें संगोपन'. जागा अपुरी होती, म्हणून अक्षरें बारीक काढावीं लागलीं. कन्येनें एकेक अक्षर लावून तें वाचलें आणि विचारलें, "बाबा, हें काम आहे?" आम्हीं होय म्हटलें. तिनें थोडा विचार केला व म्हणाली, "मग आजीच्या नांवापुढें पण तेंच लिहा."

आजीच्या नांवाचा रकाना त्या अर्जांत नव्हता. म्हणून तें येथें लिहिलें आहे.